कळ वेगळी, अक्षर वेगळे

कीबोर्डच्या वरच्या ओळीतला ५ दाबा, मग उजवीकडच्या नंबरपॅडवरचा. पडद्यावर दोन्हीदा ५ उमटतो. विंडोजला मात्र दोन निराळ्या कळा दिसतात: पहिलीचा क्रमांक ५३, दुसरीचा १०१. कळ दाबल्याची वर्दी आधी येते, तिच्यातून तयार झालेल्या अक्षराची नंतर. १९९८ सालच्या व्हिज्युअल बेसिक ६ मधल्या 'कीडाउन' आणि 'कीप्रेस' या त्याच दोन वर्द्या.

व्हिज्युअल बेसिकमधला जुना प्रोग्रॅम डॉटनेट या नंतरच्या प्रणालीवर नेताना इथेच पाय घसरतो. रकमेच्या चौकटीत फक्त आकडे यावेत म्हणून जुन्या कोडने कीप्रेसमध्ये ४८ ते ५७ हे अक्षरक्रमांक तपासलेले असतात. तीच तपासणी कीडाउनमध्ये हलवली, की नंबरपॅड मुका होतो. दिवसभर आकडे भरणाऱ्या माणसाचा हातच बांधला जातो. उलट शिफ्टसह ५ दाबून येणारे टक्क्याचे चिन्ह बिनदिक्कत आत शिरते, कारण कळ तीच, ५३. कीप्रेसमध्ये आकडे सोडून सगळे अडवले, तर बॅकस्पेसही अडते. तिचाही अक्षरक्रमांक असतो, ८.

आपल्याला जवळचा खड्डा पुढे आहे. डॉटनेटचे 'इजडिजिट' देवनागरी '५'लाही आकडाच मानते, आणि ते योग्यच आहे. पण त्याचे संख्येत रूपांतर करणारे 'पार्स' तो नाकारते, आणि चूक हाताळलेली नसेल तर प्रोग्रॅम कोसळतो. यावर देवनागरी आकडे अडवणे मला पटत नाही. पार्सच्या आधी ते ० ते ९ च्या इंग्रजी रूपात बदलून घ्यावेत. काम चार ओळींचे आहे.