तबकडी जपायची म्हणजे काय करायचं?

१२ जुलै १९७९ रोजी शिकागोच्या कॉमिस्की पार्क मैदानात डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटकांनी उडवून दिला. त्याच शहरातल्या ‘वेअरहाऊस’ क्लबात फ्रँकी नकल्स नेमक्या तसल्याच तबकड्या वाजवत होता. नाचणारे बहुतेक कृष्णवर्णीय, समलिंगी तरुण. उडवलं काय, तर त्यांचंच गाणं! ‘हाउस’ हे नाव या क्लबावरूनच पडलं, असं मानतात.

थिओ पॅरिश याच शिकागोत वाढला. पुढे डेट्रॉइटला गेला आणि १९९७मध्ये त्यानं ‘साउंड सिग्नेचर’ हे स्वतःचं लेबल काढलं. त्याचा संग्रह कपाटात पडून राहणारा नव्हे, बरं का. जुन्या गाण्यातला तुकडा तो कापतो, लांबवतो. त्या मालिकेचं नावच ‘अग्ली एडिट्स’, म्हणजे कुरूप काटछाट.

वॉल्टर बेन्यामिन म्हणतो, यांत्रिक प्रतीत मूळ कृतीचं तेज उरत नाही. मला इथं त्याला जरा अडवावंसं वाटतं. तबकडी तर जन्मतःच प्रत. पण ती कुठल्या तबकडीनंतर, कोणासमोर वाजली, यातून तिला एकमेवपण येतंच की! आणि लेबल स्वतःचं असलं, की गाणं लांबलं म्हणून छाटायला सांगणारा वर कोणी बसलेला नसतो.