इंजिनाच्या हेडांतील पाण्याची गळती

विजेचा भरंवसा नसतो तेव्हां विहिरीवरील डिझेल इंजिनच पिकास तारतें. म्हणून त्याच्या हेडांतील गळती बागायतदारांनीं वेळींच ओळखावी असें आम्हांस वाटतें. थंडाव्याचें पाणी वारंवार कमी होणें, धुराड्यांतून पांढरा धूर येत राहणें, टाकींत बुडबुडे उठणें व ऑइल दुधाळ होणें हीं तिचीं लक्षणें होत. ऑइल दुधाळ दिसतांच इंजिन बंद करावें. तसेंच चालविल्यास बेअरिंगें जातात.

गळतीचें मूळ बहुधा अति तापण्यांत असतें. जड पाण्याचा क्षार जलमार्गांत सांचतो, हेड तापून वांकतें व गॅस्केट जळतें. तापल्या इंजिनांत एकदम गार पाणी ओतल्यास हेडास तडाही जातो.

इंजिन पूर्ण निवल्यावर पाणी काढून हेड उतरवावें. दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करून त्यांवर सरळ पट्टी धरावी. फट दिसल्यास हेड यंत्रावर सपाट करून घ्यावें. तड्याचा संशय असल्यास पाण्याच्या दाबानें परीक्षा करवावी. चिकलठाण्याच्या शेतकऱ्यांस औद्योगिक वसाहत उंबरठ्याशींच असल्यानें हें काम अवघड नाहीं.

जुनें गॅस्केट पुन्हा वापरूं नये. नट मध्यापासून कडेकडे, समोरासमोरचे आळीपाळीनें, ३ फेऱ्यांत, इंजिनाच्या पुस्तिकेंत सांगितलेल्या जोरानें आवळावे. ऑइल नवें भरावें. गॅस्केटाची काटकसर ऐन पाणपाळीस सबंध पिकाच्या मोलाची पडते, हें विसरूं नये.