विश्लेषण : मनात घडवलेला ‘तुल्पा’ स्वतंत्र विचार करतो का?

‘तुल्पा’ म्हणजे एकाग्रतेने मनात घडवलेली व्यक्ती. शब्द मूळचा तिबेटी. फ्रेंच प्रवासी अलेक्झांड्रा डेव्हिड-नील यांनी असा एक गुबगुबीत, हसरा भिक्खू ‘घडवला’. पुढे तो रोडावला, बेरकी झाला. त्याला घालवायला सहा महिने लागले, असे त्यांच्या १९२९च्या पुस्तकात आहे.

तुल्पाला एकटेपणातला सोबती मानणारे आज त्याची परीक्षा घेतात. स्वतः मोठ्याने वाचायचे, त्याच वेळी त्याने १७ गुणिले २३ करायचे. उत्तर ३९१ आले, तरी मेंदू दोन कामांत झटपट उड्या मारत असेल. म्हणून वेळ मोजायची. वाचन अडखळले, तर लक्ष एकच आणि तेच वाटले गेले. नाही अडखळले तर? गप्पा मारत गाडी चालवणाऱ्याच्या डोक्यातही दुसरा ड्रायव्हर नसतो.