मोटारीची किल्ली आणि मालकाचा हक्क

रायपूरची समता कॉलोनी वसली त्या काळी घरासमोर मोटार उभी असणे ही विरळा गोष्ट होती. आज तिच्या गल्ल्यांतून कुंपणाच्या भिंतींना लागून मोटारींची ओळच्या ओळ उभी असते, आणि लग्नकार्यासाठी वा आजारी नातलगाच्या भेटीसाठी राजनांदगाव-भंडाऱ्याच्या वाटेने नागपूरला जावयाचे झाले, म्हणजे येथील पुष्कळ मराठी कुटुंबे आगगाडीचे वेळापत्रक न पाहता सरळ मोटारच काढतात. अशा एखाद्या कुटुंबाची किल्ली बाजारात वा प्रवासात हरवली आणि दुसरी किल्लीही सापडेनाशी झाली, तर मोटार दारात निर्दोष उभी असून व तिच्या मालकीचे सर्व दस्तऐवज कपाटात सुरक्षित असूनही ती कित्येक दिवस जागची हलत नाही. आणि तिला हलविण्यासाठी जो खर्च सोसावा लागतो, जे अर्ज-दाखले द्यावे लागतात व ज्यांची मनधरणी करावी लागते, त्यांची पूर्वकल्पना गाडी विकत घेताना मालकाला बहुधा कोणी दिलेली नसते. ती कल्पना आगाऊ द्यावी, आणि या त्रासातला अपरिहार्य भाग कोणता व लादलेला कोणता हे वेगळे करून दाखवावे, एवढ्यासाठी हा लेखनप्रपंच आहे.

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली फियाट आणि हिंदुस्थान मोटर्सची अँबेसडर या दोन गाड्यांवर ज्या पिढीचे आयुष्य गेले, तिच्यापुढे हा प्रश्न कधी उभा राहिला नाही. त्या गाड्यांची किल्ली म्हणजे काठावर दाते पाडलेली धातूची पट्टी. ते दाते कुलुपातील पत्र्यांना नेमक्या उंचीवर आणीत, मग कुलुपाचा गाभा फिरे आणि बॅटरीची वीज इंजिनाकडे जाई. रस्त्याच्या कडेला कोऱ्या किल्ल्यांचा जुडगा आणि कानस घेऊन बसलेला चाबीवाला मूळ किल्ली पाहून तिची प्रत तर करीच, पण मूळ किल्ली नसली तरी कोरी पट्टी कुलुपात घालून, हलक्या हाताने फिरवून, तिच्यावर उमटलेल्या सूक्ष्म ओरखड्यांवरून दाते घाशी आणि कुलूप उघडून दाखवी. मध्य भारतातील अनेक शहरांत हा व्यवसाय शिकलगार शीख समाजाच्या हाती राहिला आहे. त्यांच्या पूर्वजांचा पिढीजात धंदा शस्त्रांना धार आणि झिलई देण्याचा. डोळ्याने आणि बोटांच्या स्पर्शाने धातू वाचण्याची ही विद्या आहे, आणि तिच्याविषयी माझ्या मनात निरपवाद आदर आहे. परंतु जे कुलूप सज्जन कारागिराला उघडता येते ते चोरालाही उघडता येते, आणि कुलूप न उघडता नुसत्या तारा जोडूनही त्या गाड्या सुरू करता येत, हे सत्य नाकारता येणार नाही.

युरोपात १९९० नंतर मोटारचोरीने विमा कंपन्या हैराण झाल्या, तेव्हा यावर उपाय म्हणून इंजिनालाच किल्लीची ओळख पटविण्यास लावणारी यंत्रणा, म्हणजे इमोबिलायझर, प्रचारात आली. आणि ऑक्टोबर १९९८ पासून युरोपीय संघात प्रत्येक नव्या मोटारीत ती असणे कायद्याने बंधनकारक झाले. तिचा परिणाम मोजण्यात आला आहे: नेदरलँड्समधील दोन अर्थशास्त्रज्ञांनी १९९५ ते २००८ या काळाचा अभ्यास करून असा निष्कर्ष काढला, की या यंत्रणेमुळे तेथील मोटारचोरीचे प्रमाण सरासरीने सुमारे ४० टक्क्यांनी उतरले. आपल्याकडे मारुतीने तीच यंत्रणा ‘आय-कॅट्स’ या नावाने आणली आणि पाहता पाहता ती मध्यमवर्गीय गाडीतही रूढ झाली. नव्या किल्लीविषयी तक्रार मांडताना हा लाभ विसरणे अन्यायाचे होईल.

या किल्लीच्या प्लास्टिकच्या मुठीत एक लहानशी चिप बसविलेली असते. तिला स्वतःची बॅटरी नसते. किल्ली घालण्याच्या छिद्राभोवती तारेचे वेटोळे असते. ते बहुतेक गाड्यांत १२५ किलोहर्ट्झ कंप्रतेचे चुंबकीय क्षेत्र निर्माण करते, आणि त्या क्षेत्रातूनच चिपला क्षणभर जागे होण्यापुरती ऊर्जा मिळते. मग गाडीतील नियंत्रक पेटी एक यदृच्छेने निवडलेली संख्या चिपकडे पाठविते. चिप आपल्या पोटातील गुप्त संख्येच्या साह्याने तिच्यावर गणित करून उत्तर परत पाठविते. आणि ते उत्तर पेटीने स्वतः केलेल्या गणिताशी जुळले तरच इंजिनाला इंधन मिळते. किल्ल्याच्या दरवाजावरील पहारेकऱ्याने रोज रात्री नवा परवलीचा शब्द विचारावा, आणि कालचा शब्द चोरून ऐकलेल्या माणसाचा आज काहीच उपयोग होऊ नये, तसा हा प्रकार आहे. चाबीवाल्याने दाते कितीही अचूक पाडले तरी अशा गाडीचे दार तेवढे उघडते. इंजिन एकतर सुरू होत नाही, किंवा क्षणभर सुरू होऊन बंद पडते.

दार दुरून उघडणारे बटण ही याच मुठीतील दुसरी, निराळी व्यवस्था. ती आपल्याकडे बहुधा ४३३ मेगाहर्ट्झच्या आसपासच्या रेडिओलहरींवर चालते, तिला नाण्याएवढी बॅटरी लागते, आणि प्रत्येक वेळी तिचा संकेत बदलतो. असा बदलता संकेत देणारी ‘कीलॉक’ ही प्रसिद्ध पद्धत दक्षिण आफ्रिकेत १९८०च्या दशकात जन्मली. या दोन व्यवस्था वेगळ्या आहेत हे लक्षात ठेवल्यास पुष्कळ अनाठायी खर्च वाचतो. बटण चालेनासे झाले म्हणून किल्ली बदलावी लागत नाही. पन्नास-शंभर रुपयांची बॅटरी बदलून ते बहुधा पूर्ववत होते, आणि तोवरही चिप शाबूत असल्यामुळे गाडी सुरू होतेच. खिशात ठेवूनच चालणाऱ्या ‘स्मार्ट’ किल्लीतही, तिची बॅटरी संपली असता, ती सुरू करण्याच्या बटणाला किंवा पुस्तिकेत सांगितलेल्या जागेला टेकविली की गाडी सुरू व्हावी अशी सोय बहुतेक कंपन्यांनी केलेली असते.

आता खर्चाकडे वळतो. साध्या पट्टीची प्रत शे-दोनशे रुपयांत होते. चिप आणि दूरबटण असलेली किल्ली कंपनीच्या अधिकृत सेवाकेंद्रातून घेतल्यास साधारण गाडीसाठी तीन ते सहा हजार, स्मार्ट किल्लीसाठी आठ ते पंधरा हजार, आणि परदेशी महागड्या गाडीसाठी पन्नास हजारांच्या घरातही रक्कम जाऊ शकते. या रकमेत धातूचा आणि चिपचा वाटा थोडा. मोठा वाटा ती किल्ली त्या एका गाडीशी जोडून देण्याच्या अधिकाराचा असतो. नवी किल्ली आणली म्हणजे काम झाले असे नाही. चालकाच्या पायांवरच्या बाजूला असलेल्या सोळा पिनांच्या खोबणीला संगणक जोडून, कंपनीच्या दप्तरातून त्या गाडीचा गुप्त क्रमांक मिळवून, नियंत्रक पेटीच्या स्मृतीत नव्या किल्लीची नोंद करावी लागते, आणि तोवर ती किल्ली गाडीच्या दृष्टीने परकीच राहते. एक किल्ली हाती असेल तर हे काम तासाभरात उरकते. एकही नसेल तर गाडी उचलून केंद्रात न्यावी लागते, काही गाड्यांत पेटीची स्मृती पुसून सर्व किल्ल्यांची नोंद नव्याने करावी लागते, तर काहींत पेटी आणि कुलुपांचा पूर्ण संचच बदलावा लागतो. दुसरी किल्ली शाबूत असणे आणि नसणे यांतील अंतर हजारांनी मोजले जाते, ते यामुळे.

कागदपत्रांची मागणी मात्र मला योग्य वाटते. नोंदणीपुस्तक, ओळखीचा दाखला आणि किल्ली हरवल्याची पोलिसांकडील नोंद यांची शहानिशा केल्याविना सतरा अक्षरांकांच्या चॅसिस क्रमांकावरून कोणालाही किल्ली मिळू लागली, तर सारी सुरक्षाच निरर्थक ठरेल. पोलिसांतील नोंदीचे आणखी एक कारण आहे: गाडी चोरीला गेल्यास विमा कंपनी दाव्याबरोबर सर्व किल्ल्या मागते, आणि एक किल्ली का नाही याचा खुलासा तेव्हा लेखी देता आला नाही, तर निष्काळजीपणाचा आक्षेप येऊन दावा अडकतो.

परंतु शहानिशा करणे एक आणि मक्तेदारी चालविणे दुसरे. जो मेहनती कारागीर कानस बाजूला ठेवून लॅपटॉप आणि हजारोंची यंत्रे विकत घेतो, चिप वाचण्याची नवी विद्या शिकतो आणि गाडी उभी आहे तेथे, मालकाच्या दारी येऊन, बऱ्याच कमी खर्चात नोंद करून देतो, त्याला कंपनीचा गुप्त क्रमांक सन्मार्गाने मिळण्याची वाट असावी की नसावी? या प्रश्नाच्या मुळाशी जाणारा एक मोठा निवाडा आपल्या देशात झालेला आहे. शमशेर कटारिया यांच्या तक्रारीवरून सुरू झालेल्या प्रकरणात भारतीय स्पर्धा आयोगाने २५ ऑगस्ट २०१४ रोजी १४ मोटार कंपन्यांना दोषी ठरविले, कारण सुटे भाग, दोषनिदानाची साधने आणि तांत्रिक माहिती स्वतंत्र दुरुस्तीकारांपासून रोखून त्यांनी आपल्या गाड्यांच्या दुरुस्तीचा बाजार स्वतःच्या मुठीत ठेवला होता. दंडाची एकूण रक्कम २,५४४ कोटी रुपयांवर होती. पुढे अपिले झाली, दंडाच्या आकारणीवर वाद झाला. तथापि विकलेल्या गाडीवरही दुरुस्तीच्या मिषाने अंमल चालविता येत नाही, हे तत्त्व त्या निवाड्याने मांडले, आणि किल्लीच्या नोंदणीला ते अक्षरशः लागू पडते असे माझे मत आहे. डिसेंबर २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्काचे संकेतस्थळ सुरू केले, त्यातही मोटारींचा समावेश आहे.

गुप्तता उठविली तर चोरांचे फावेल, असा आक्षेप कंपन्या घेतात. त्याला इतिहासाने दिलेले उत्तर बोलके आहे. फोक्सवॅगन समूहाच्या व अन्य अनेक गाड्यांतील ‘मेगामॉस’ या चिपमधील दोष तीन संशोधकांनी शोधून काढला, तेव्हा २०१३ मध्ये कंपनीने इंग्लंडच्या उच्च न्यायालयाकडून त्यांच्या निबंधाला मनाई हुकूम मिळविला. तो निबंध अखेर २०१५ मध्ये, एक वाक्य गाळून, प्रसिद्ध झाला. त्या दोन वर्षांत चिपमधील दोष होता तसाच राहिला; अंधारात राहिला तो गाडीचा मालक. जी सुरक्षा गणिताच्या बळावर उभी आहे तिला प्रामाणिक कारागिराला नोंदणीकृत करून, त्याच्या प्रत्येक कामाचा लेखी मागमूस ठेवून, दार उघडता आले पाहिजे. अमेरिकेत कुलूपकारांची ओळख पडताळून त्यांना किल्ल्यांचे क्रमांक देण्याची अशी व्यवस्था अस्तित्वात आहेही.

तोवर समता कॉलोनीतील असो की सातारच्या पेठेतील, मालकाने काही गोष्टी स्वतः सांभाळाव्यात. नव्या गाडीच्या किल्ल्यांबरोबर पुष्कळदा क्रमांक कोरलेली छोटी पट्टी मिळते. ती जुडग्यात न ठेवता तिचा क्रमांक उतरवून घेऊन कागदपत्रांत जपावी, कारण दात्यांचा नमुना त्या क्रमांकावरून काढता येतो. दुसरी किल्ली गाडीच्याच कप्प्यात ठेवण्याची सवय सोडावी. विम्याचे नूतनीकरण करताना किल्ली बदलण्याच्या खर्चाचे जोड-संरक्षण थोड्या अधिक हप्त्यात मिळते का ते विचारावे. आणि जुनी गाडी घेताना, नोंदणीपुस्तकावर नाव चढले एवढ्याने समाधान न मानता, दोन्ही किल्ल्या हाती घ्याव्यात, दोन्हींनी इंजिन सुरू करून पाहावे, पेटीच्या स्मृतीत एकूण किती किल्ल्यांची नोंद आहे हे जाणकाराकडून तपासून घ्यावे, आणि हाती असलेल्यांपेक्षा ती संख्या जास्त निघाली तर व्यवहाराच्या दिवशीच जुन्या साऱ्या नोंदी पुसून आपल्या किल्ल्यांची नोंद नव्याने करून घ्यावी. त्याचा खर्च विकणाऱ्याकडून वळता करून घेण्यास संकोच बाळगू नये.