शिकारी बीगलचा वंश

मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर सकाळच्या वेळीं लांब कानांचें, काळ्या-पांढऱ्या-तपकिरी रंगाचें, जमीन हुंगत मालकाला ओढीत नेणारें एक लहानसें कुत्रें आपण पाहिलें असेल. तें बीगल. शहरांत तें सोबतीसाठीं पाळतात; परंतु त्याच्या पूर्वजांचें काम सशाचा माग काढण्याचें होतें, आणि अमेरिकेंत तें काम अद्यापहि चालूं आहे. अशा कामाच्या कुत्र्यांचा वंश कसा निवडतात व कसा राखतात, हें आज सांगावयाचें आहे.

इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत फिलिप हनीवुड नांवाच्या पाद्र्यानें १८३० नंतरच्या दशकांत जो ताफा जमविला, त्यापासून आजचें बीगल मुख्यत्वें उतरलें असें मानतात. पुढें १८७० नंतरच्या दशकांत इलिनॉय राज्यांतील जनरल रिचर्ड रोवेट यांनीं इंग्लंडांतून निवडक कुत्रीं आणविलीं आणि अमेरिकेंत हा वंश रुजला. इंग्लंड व वेल्समध्यें ताफा सोडून रानसशाची शिकार करण्यास २००४ च्या कायद्यानें बंदी झाली व ती २००५ सालीं अमलांत आली. म्हणून कामाचें बीगल समजून घ्यावयाचें तर अमेरिकेकडेच पाहिलें पाहिजे.

तेथील कॉटनटेल जातीचा ससा पाठलाग सुरू झाला म्हणजे सरळ दूर पळून जात नाहीं. आपल्या परिचयाच्या टापूंत वळसा घेऊन तो बहुधा निघाल्या जागेजवळच परत येतो, आणि शिकारी तेथें बंदूक घेऊन उभा असतो. तेव्हां सशाला पकडणें हें बीगलचें काम नव्हे. त्याला फिरवून आणणें हें त्याचें काम. कुत्रें फार वेगानें अंगावर गेलें तर ससा एखाद्या बिळांत शिरतो. फार रेंगाळलें तर माग थंड पडतो. या दोहोंमधील वाट धरणारें कुत्रें हवें असतें.

यासाठीं कोणते गुण पाहावे? नाक तीक्ष्ण हवें, हें तर उघडच आहे. कांटेरी झुडपांत शिरून ससा उठविण्याची हौस हवी. सशानें एकाएकीं वळण घेतलें व वास तुटला, तर सैरावैरा न धांवतां जवळपास शोधून माग पुन्हां जोडण्याचा धीर हवा. आवाज मोकळा हवा आणि खरा हवा. कारण झाडींत न दिसणारा ससा कोठें आहे, हें शिकाऱ्याला त्या भुंकण्यावरूनच कळतें. माग नसतां भुंकणारें, किंवा माग उलट दिशेनें काढणारें कुत्रें कितीहि देखणें असलें तरी पैदाशीला निरुपयोगी होय.

आतां निवड. जाणता मनुष्य पिलाच्या गोंडस मुखाला भुलत नाहीं. तो त्याच्या आईबापांना, आणि साधल्यास त्यांच्या सख्ख्या भावंडांना, प्रत्यक्ष रानांत धांवतांना पाहतो. एकच कुत्रें उत्तम निघालें तर तो योगायोग असूं शकेल. सबंध वीण चांगली निघाली तर तो गुण रक्तांत आहे असें मानण्यास आधार मिळतो. वंशावळीचा कागद पूर्वजांचीं नांवें सांगतो. त्यांचें काम सांगत नाहीं.

गुण स्थिर करण्यासाठीं एखाद्या थोर पूर्वजाचें रक्त दोन्ही बाजूंनीं आणतात. उदाहरणार्थ, आजोबा आणि नात यांचा संबंध. अशा नात्याचें गणित सीवॉल राइट या अमेरिकन शास्त्रज्ञानें १९२२ सालीं मांडलें. या जोडीच्या पिलांत एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याचा संभव शेंकडा १२.५ असतो, बाप आणि लेक यांच्या पिलांत तो शेंकडा २५ होतो. परंतु ही युक्ति गुणांबरोबर दोषहि पक्के करते. बीगलमध्यें मुस्लाडिन-ल्यूक नांवाचा एक आनुवंशिक रोग आहे. त्यांत कातडी घट्ट होते, सांधे ताठरतात आणि कुत्रें बोटांवर चालूं लागतें. दोष लपून राहिलेलीं दोन निरोगी कुत्रीं एकत्र आलीं, तर त्यांच्या चार पिलांपैकीं सरासरीनें एक रोगी निघतें. आतां हा दोष जनुकांच्या तपासणीनें आधींच कळतो. दोष वाहणारें, पण कामाला उत्तम असें कुत्रें टाकून देण्याचें कारण नाहीं. त्याची जोडी तपासून निर्दोष ठरलेल्या कुत्र्याशींच लावावी म्हणजे झालें.

याहून मोठा धोका मात्र निवडणाराच्या डोक्यांत असतो. अमेरिकेंत १८९० पासून बीगलच्या मैदानी परीक्षा होऊं लागल्या. त्यांतील एका प्रकारांत कुत्रीं जोडीजोडीनें सोडीत. मागाची रेषा तंतोतंत धरणाऱ्यास परीक्षक अधिक गुण देत. रेषा अचूक धरावयाची तर सावकाश जाणें सोयीचें. म्हणून मंद कुत्रीं जिंकूं लागलीं, आणि जिंकणाऱ्यांचीच पैदास होऊं लागली. कांहीं पिढ्यांत विजेतीं कुत्रीं चालीनें चालूं लागलीं. त्यांचे करंडक मोठे, वंशावळ निर्मळ. पण शिकाऱ्याला त्यांचा उपयोग उरला नाहीं. अखेर असंतुष्ट लोकांनीं लहान ताफ्यांच्या वेगळ्या परीक्षा सुरू केल्या व त्यांत वेग, शोध आणि चिकाटी यांना पुन्हां मोल आलें. नुसतें हस्ताक्षर पाहून वर्गाचा क्रम लावला, तर सुंदर अक्षराचे विद्यार्थी मिळतील. गणित येणारे मिळतीलच असें नाहीं. आम्हां शिक्षकांना हें सांगावयास नको.

आपल्या देशांत सशाची शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालीं निषिद्ध आहे, आणि तें योग्यच आहे. परंतु सदनिकेंतल्या बीगलचें नाक हा कायदा जाणत नाहीं. दोरी सुटतांच वासामागें पळणें, दारामागें एकटें ठेवल्यास मोठ्यानें ओरडणें, हा त्याचा खट्याळपणा नव्हे. अनेक पिढ्यांनीं निवडून दिलेला तो वारसा आहे. म्हणून पिलूं घेतांना रंग व किंमत विचारण्यापूर्वीं आईबाप पाहावे, त्यांची तपासणी झाली आहे कीं नाहीं तें विचारावें, आणि रोज त्याला मनसोक्त हुंगत फिरविण्यास आपणांस सवड आहे काय, याचा घरांत विचार करावा. सवड नसेल तर दुसरें कुत्रें पाहावें. त्यांत त्या मुक्या जिवाचेंहि हित आहे आणि शेजाऱ्यांचेंहि.