दारू एकाएकी तुटते तेव्हा

दारू सोडणे केव्हाही इष्टच होय. परंतु वर्षानुवर्षे दररोज भरपूर पिणाऱ्या व्यक्तीची दारू एकाएकी तुटली, तर तिच्या जिवास धोका उत्पन्न होऊ शकतो. महाराष्ट्रात २००८ च्या आदेशानुसार निम्म्याहून अधिक महिला मतदारांनी कौल दिल्यास दारूचे दुकान बंद करता येते. मार्च २०२० च्या टाळेबंदीत तर देशभरातील दुकाने एकदमच बंद झाली. म्हणूनच बीड जिल्ह्यातील चौसाळ्यासारख्या गावांतील पंचायत सदस्यांनी व शिक्षकांनी या धोक्याचे कारण समजून घेणे अगत्याचे आहे.

समतोल कसा ढळतो?

मेंदूतील पेशी रासायनिक द्रव्यांच्या द्वारे परस्परांना संदेश देतात. त्यांपैकी ग्लुटामेट पेशींना चेतविते, तर गाबा त्यांना आवर घालते. दारू गाबाचा प्रभाव वाढविते आणि ग्लुटामेटचा दडपते. हा दाब कायम राहिला, की मेंदू त्याच्याशी जुळवून घेतो. ग्लुटामेटचे संदेश स्वीकारणारी केंद्रे वाढतात व गाबाची शक्ती उणावते. दारू थांबताच दाब नाहीसा होतो, वाढलेली केंद्रे मात्र तशीच राहतात. चढणीसाठी जादा बैल जुंपावेत आणि उतार लागताच गाडी भरधाव सुटावी, तशी ही अवस्था होय. या केंद्रांवाटे कॅल्शियम पेशीत प्रमाणाबाहेर शिरते व पेशींना इजा होऊन काही मृत होतात, असे प्रयोगशाळेतील व प्राण्यांवरील प्रयोगांत आढळले आहे. वारंवार सोडून पुन्हा पिणाऱ्यास पुढील खेप अधिक तीव्र जाऊ शकते.

लक्षणे व उपाय

दारू थांबल्यावर साधारणतः ६ ते २४ तासांत हात कापू लागतात, घाम सुटतो, झोप उडते. बहुधा ४८ तासांच्या आत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत ज्वर, भ्रम, नसलेल्या गोष्टी दिसणे असे गंभीर प्रकार संभवतात. ही भूतबाधा नव्हे. अंगारे-धुपाऱ्यांत वेळ दवडणे प्राणघातक ठरू शकते. डॉक्टर गाबाचे कार्य बळकट करणारी डायझेपामसारखी औषधे आणि थायामिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, देतात. ही औषधे त्यांच्या देखरेखीखालीच घ्यावयाची असतात. झटके वा भ्रम दिसताच रुग्णास विनाविलंब बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्यावे.

दुकान बंद करण्याचा ठराव ज्या ग्रामसभेत होईल, त्याच सभेत नित्य पिणाऱ्यांना आधी डॉक्टरांकडे नेण्याची व्यवस्थाही ठरवावी. दारूबंदीचे यश बंद दुकानाबरोबरच सुखरूप घरी परतलेल्या माणसांवरूनही मोजले गेले पाहिजे.