पाच वर्षांनी लागणारा निकाल

जुलै २००५मध्ये सोलच्या सेव्हरन्स रुग्णालयात जठराच्या कर्करोगासाठी रोबो वापरायला सुरुवात झाली. यंत्र अमेरिकी, दा विंची नावाचं. त्याला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाची परवानगी २००० साली मिळालेली. सर्जन टेबलापासून काही फुटांवर कन्सोलमध्ये डोकं घालून बसतो आणि त्याची बोटं हलतील तशी रुग्णाच्या पोटातली हत्यारं हलतात. यंत्र आपल्या मनाने काहीच करत नाही. ‘रोबोने ऑपरेशन केलं’ हे बोलण्यापुरतंच.

भूल उतरली, टाके सुकले, रुग्ण घरी गेला, म्हणजे शस्त्रक्रिया पार पडली. पण कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा खरा निकाल लागायला पाच वर्षं जावी लागतात. व्हिएन्नात थिओडोर बिलरोथ यांनी २९ जानेवारी १८८१ रोजी जठराचा कर्करोगग्रस्त भाग पहिल्यांदा यशस्वीपणे काढला. ती बाई शस्त्रक्रियेतून सावरली आणि काही महिन्यांतच आजार उलटून गेली. तेव्हापासून या शस्त्रक्रियेला दोन वेगवेगळे प्रश्न विचारावे लागतात: रुग्ण टेबलावरून उठला का, आणि पुढे किती जगला? रोबोच्या जाहिराती पहिल्या प्रश्नावर चालल्या. दुसऱ्याच्या उत्तरासाठी थांबावंच लागलं.

सेव्हरन्समधल्या सुरुवातीच्या वर्षांतल्या रुग्णांचा हिशेब २०१८ साली छापून आला. रोबोने आणि दुर्बिणीने शस्त्रक्रिया झालेल्यांच्या, वय-आजार-अवस्था जुळवून, ३११ जोड्या लावल्या होत्या. पाच वर्षांनी हयात असलेले रोबोगटात ९३.३ टक्के, दुर्बिणीच्या गटात ९१.६ टक्के. आजार न उलटता राहिलेले ९०.७ आणि ९०.५ टक्के. संख्याशास्त्राच्या भाषेत फरक नाही. त्याआधी, २०१६मध्ये, कोरियातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून केलेल्या अभ्यासात गुंतागुंतीचं प्रमाणही सारखंच निघालं होतं. वेळ मात्र १७८ मिनिटांऐवजी २२१ आणि खर्च ८,०९० डॉलरऐवजी १३,४३२ डॉलर. कोरियात हा जादा पैसा विम्यातून मिळत नव्हता, तो रुग्णाच्या खिशातून जात होता. या टप्प्यावर ‘महागडं खेळणं’ म्हणणाऱ्यांचं चुकत होतं असं मला वाटत नाही.

पण मग जपानने प्रश्न बदलला, आणि तो समजायला पोटाच्या आत जावं लागतं.

जठराच्या मागे स्वादुपिंड आडवं पसरलेलं असतं. त्याच्या वरच्या काठाशी, मोठ्या रक्तवाहिन्यांना बिलगून, लसिका ग्रंथी असतात. आजार पसरतो तो त्यांच्यातून, म्हणून त्या सोलून काढाव्या लागतात. दुर्बिणीची हत्यारं सरळसोट, काडीसारखी. काठामागे पोचायचं तर स्वादुपिंड दाबून खाली धरावं लागतं. हा अवयव फार नाजूक. चेपला गेला की त्यातून पाचकरस झिरपतो, आसपासच्या ऊती जळतात, पू होतो, कधी शेजारची रक्तवाहिनीच फुटते. रोबोच्या हत्याराला मनगट आहे. ते वळून मागे जातं, हाताची थरथर गाळून टाकतं, आणि स्वादुपिंडाला हातही न लावता काम करता येतं.

जपानमधल्या फुजिता विद्यापीठाच्या इचिरो उयामा यांच्या पुढाकाराने झालेल्या, ३३० रुग्णांच्या रोबो-शस्त्रक्रियेच्या अभ्यासात गंभीर गुंतागुंत २.४५ टक्क्यांवर आली. दुर्बिणीच्या जुन्या नोंदींत ती ६.४ टक्के होती. एप्रिल २०१८पासून जपानच्या राष्ट्रीय विम्याने ही शस्त्रक्रिया मान्य केली. २०२१मध्ये जपानमधल्याच वाकायामाच्या चाचणीत, चिठ्ठी टाकावी तशी रुग्णांची रोबो आणि दुर्बीण अशा दोन गटांत वाटणी करून, पोटातल्या जंतुसंसर्गात ठळक फरक दिसला नाही. एकूण गुंतागुंत मात्र दुर्बिणीच्या गटातल्या १९.७वरून रोबोगटात ८.८ टक्क्यांवर उतरली.

याचा आयुष्याशी संबंध काय? पोटात पू झालेला माणूस खंगतो आणि त्याची केमोथेरपी लांबते. चीनमधल्या फुजियान मेडिकल युनिव्हर्सिटीच्या युनियन रुग्णालयात रोबोगटातल्या रुग्णांना केमोथेरपी लवकर सुरू करता आली. जठराचा खालचा भाग काढलेल्या त्या रुग्णांचे तीन वर्षांचे आकडे २०२४मध्ये आले: आजार न उलटता राहिलेले ८५.८ टक्के, दुर्बिणीच्या गटात ७३.२. मी ही ओळ दोनदा वाचली. रोबोच्या बाजूने, चिठ्ठीने वाटलेल्या रुग्णांमध्ये, इतका फरक! तरी हे एकाच रुग्णालयातले, हजारो शस्त्रक्रियांनी हात बसलेल्या एकाच चमूचे आकडे आहेत. दुसऱ्या हातांनी तेच घडलं, तरच तो यंत्राचा गुण म्हणता येईल.

आणि सोलचे ते नव्वदच्या वरचे आकडे यंत्राने आणलेले नाहीत. कोरियात चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी सरकारी योजनेतून जठराची तपासणी होते. आजार बोटाच्या पेराएवढा असतानाच सापडतो. आपल्याकडे अशी योजना नाही. भूक मरते, दोन घासांत पोट गच्च होतं, वजन उतरतं, आणि महिनोन्‌महिने ॲसिडिटीच्या गोळ्यांवर निभावलं जातं. एंडोस्कोपी होते तोवर अनेकांचा आजार जठराच्या भिंतीबाहेर गेलेला असतो. मुंबई-पुण्याच्या मोठ्या रुग्णालयांत आज रोबो आहेत. त्यांच्यापर्यंत रुग्ण वेळेवर पोचत नाही, हे मला यंत्राच्या किमतीपेक्षा जास्त टोचतं.

पाच वर्षांच्या तक्त्यात न दिसणारंही पुष्कळ असतं. जठर पूर्ण काढलेल्या माणसाला एका बैठकीत पोटभर जेवता येत नाही. अर्धी पोळी, तासा-दोन तासांनी थोडा वरणभात, मग पुन्हा काही. गोड जरा जास्त झालं की घाम सुटतो, छातीत धडधडतं, आडवं व्हावं लागतं. बी-१२चं इंजेक्शन जन्मभर. घरातली माणसं हळूहळू शिकतात, आणि पंगतीत त्याला आग्रह करायचा नाही हे पाहुण्यांनाही आधीच सांगून ठेवतात.